पाटाची बायको आणि कॉमन लॉ

परवा रात्री पुतण्याचा फोन आला. तो कॅनडात असतो, टोरंटोजवळ. "काका, एक विचारायचं होतं, पण हसू नका," अशी सुरुवात झाली की मी आधीच हसायला लागतो. तो म्हणाला, "इथे एक फॉर्म भरतोय. त्यात विचारलंय, मॅरिड की कॉमन-लॉ? आमचं लग्न तर डिसेंबरात आहे. पण दीड वर्ष आम्ही एकाच घरात राहतोय. मग आम्ही कॉमन-लॉ का? आणि कॉमन लॉ म्हणजे नक्की काय हो? साधा कायदा?"

(घरात आता सगळ्यांना माहीत आहे आणि इथे लिहायला त्याची परवानगी घेतली आहे, त्यामुळे कुणी मला फोन करू नये.)

मी एलएल.बी. केलं होतं, सनद मात्र कधी घेतली नाही, आयुष्य बँकेत गेलं. तरी घरातला कायद्याचा प्रश्न फिरून फिरून माझ्याकडेच येतो. त्याला सांगितलं की कॅनडाच्या इमिग्रेशनच्या नियमाप्रमाणे लग्नासारख्या नात्यात सलग किमान एक वर्ष एकत्र राहिलात तर तुम्ही कॉमन-लॉ जोडीदार. पुरावा म्हणून दोघांच्या नावचा भाडेकरार, बँकेतलं जोडखातं, एकाच पत्त्यावर येणारी पत्रं, असलं काही जोडावं लागतं. "म्हणजे चार लोकांनी सांगितलेलं नाही चालत?" त्याने विचारलं. मी म्हटलं, तेही जोड, उपयोगी पडेल.

फोन ठेवला आणि झोप काही लागेना. कारण "चार लोकांनी सांगितलेलं" यावर आमच्या घरात एकदा चार एकर जमीन अडकली होती. ती गोष्ट पुतण्याला माहीत नाही. खरं तर पुढच्या पिढीत कुणालाच नाही. म्हणून आज लिहायला बसलो.

तर आमची मोठी आजी. माझ्या आजोबांच्या थोरल्या भावाची बायको. बाबा तिला 'मोठी आई' म्हणत, आम्ही मुलं 'मोठी आजी'. मेहकरपासून दोन-तीन कोसांवरचं आमचं गाव, पैनगंगेच्या अल्याड. मोठी आजी पहिल्या नवऱ्यामागे सतराव्या-अठराव्या वर्षी विधवा झाली. मोठ्या आजोबांची पहिली बायकोही बाळंतपणात गेलेली. १९४६ साली दोघांचा पाट लागला.

शहरात वाढलेल्यांसाठी सांगतो. पाट म्हणजे विधवेचं किंवा सोडचिठ्ठी झालेल्या बाईचं दुसरं लग्न. काही भागात त्याला मोहतूरही म्हणतात. शेती करणाऱ्या, कारागिरी करणाऱ्या बहुतेक जातींत ही चाल पूर्वापार होती. पहिलं ते 'लगीन', दुसरा तो 'पाट'. बाई एकच, पण पहिल्या वेळी 'लग्नाची बायको' आणि दुसऱ्या वेळी 'पाटाची बायको'. पाटाला वाजंत्री नाही, मांडव नाही. तो रात्रीचा लावायचा, बहुधा अंधाऱ्या पंधरवड्यात, आणि सवाष्णींनी तिकडे फिरकायचं नाही. रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरच्या १९१६ सालच्या ग्रंथात अशा रात्रीच्या पाटांची वर्णनं आहेत. आमच्या मोठ्या आजीचाही तसाच लागला. एक लुगडं, हातात बांगड्या, ओटीत नारळ, आणि जातीची पाच-सहा माणसं. झालं लग्न.

कागद? कसला कागद!

मोठे आजोबा १९८१ साली गेले. मूलबाळ नव्हतं. भावाभावांच्या वाटण्या आधीच झालेल्या होत्या, त्यांच्या वाट्याची चार एकर त्यांच्या एकट्याच्या नावावर होती. आता सातबाऱ्यावर वारस म्हणून मोठ्या आजीचं नाव लावायचं. एका कार्यालयात कारकुनाने विचारलं, लग्नाचा पुरावा काय? तिच्याकडे रेशन कार्ड होतं, मतदार यादीत नाव होतं. तो म्हणाला, रेशन कार्ड म्हणजे लग्नाचा दाखला नव्हे. गावातल्या जाणत्यांचे जबाब आणा, आणि मयताच्या जवळच्या नातेवाइकाची सही आणा.

मोठी आजी घरी येऊन ओसरीवर बसली आणि म्हणाली, "मले कागद इचारतात बाप्पा. पस्तीस वर्सं भाकरी थापल्या, तवा कोनी नाई इचारला."

जवळचा नातेवाईक म्हणजे माझे बाबा. आजोबा आधीच वारले होते आणि बाबा त्यांचे एकुलते. मोठी आजी जर 'बायको' ठरली नाही, तर वारसा कायद्याप्रमाणे ती चार एकर बाबांकडे यायची होती.

बाबांनी सही करायला दोन वर्षं लावली.

हे वाक्य लिहायला मलाही बराच वेळ लागला. काही नातेवाइकांना ते आवडणार नाही. पण हे कळल्याशिवाय पुढचं सगळं नुसतं कायद्याचं पुस्तक होईल, म्हणून लिहिलं. बाबांकडे परत येतोच. आधी पुतण्याचा प्रश्न.

'कॉमन लॉ' म्हणजे साधा कायदा नव्हे. आणि गंमत म्हणजे लोकांचा कायदा, रूढीचा कायदा असाही त्याचा मूळ अर्थ नाही. बाराव्या शतकात इंग्लंडात दुसरा हेन्री राजा होता (११५४ ते ११८९). तेव्हा तिथे गावागणिक, परगण्यागणिक वेगळी वहिवाट होती. राजाने आपले न्यायाधीश फिरतीवर धाडले. ते गावोगाव खटले चालवत आणि परत येऊन एकमेकांशी ताळा जमवत. त्यातून हळूहळू साऱ्या मुलखाला 'समाईक' असा कायदा तयार झाला. तो राजाच्या न्यायाधीशांनी निकालानिकालाने विणला. आधीच्या निकालावर पुढचा निकाल टेकवायचा, ही त्याची रीत. म्हणजे कॉमन लॉमधलं 'कॉमन' हे 'एका गावापुरतं नसलेलं' या अर्थाचं आहे. त्याने कित्येक गावच्या रूढी पोटात घेतल्या आणि कित्येक मोडल्यासुद्धा.

याच्या उलट युरोपात बऱ्याच देशांत संहितेचा कायदा. कलमं आधी लिहायची, न्यायाधीशाने ती लावायची. दूर जायला नको, आपल्या शेजारी गोव्यातच बघा. तिथे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता आणि नंतरचे विवाहाचे कायदे चालत आले. गोव्यात लग्न म्हणजे आधी निबंधकाकडची नोंद, मग हॉल, जेवण आणि काय ते. गोव्यातल्या माझ्या एका मित्राला मी पाट समजावून सांगितला तेव्हा त्याने विचारलं, "पण नोंद कुठल्या वहीत?" मला उत्तर देता आलं नाही.

इंग्रजांनी हा कॉमन लॉ आपल्याकडे एकदम आणून ओतला नाही. एल्फिन्स्टनच्या काळात, १८२७ साली, मुंबई इलाख्यासाठी जे विनियम झाले त्यातल्या चौथ्यात एक उतरंड घालून दिली आहे. सरकारी कायदा असेल तर तो. नसेल तर मुलखाची वहिवाट. तीही नसेल तर प्रतिवादीचा स्वतःचा कायदा. आणि काहीच सापडलं नाही तर न्याय, समता आणि सद्सद्विवेक. बघा, शास्त्राच्या पोथीआधी वहिवाट! त्याच सुमारास आर्थर स्टील नावाच्या अधिकाऱ्याने दख्खनच्या जातींच्या चालीरीती विचारून विचारून लिहून काढल्या, त्यात पाटही आहे. पुढे १८६८ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने मदुरेच्या एका खटल्यात सांगितलं की हिंदू कायद्यात रूढी स्पष्ट सिद्ध झाली तर ती ग्रंथातल्या वचनापेक्षा भारी.

मग कॉमन लॉ आला कुठून? तर त्या शेवटच्या पायरीवरून, सद्सद्विवेकाच्या दारातून. न्यायाधीश इंग्रजी पुस्तकं शिकलेला, त्याचा सद्सद्विवेकही इंग्रजीच बोलणार. १८८७ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तसं कबूलही करून टाकलं, की न्याय, समता वगैरे म्हणजे इथल्या परिस्थितीला लागू पडत असतील तर साधारणपणे इंग्रजी कायद्याचेच नियम. आणि निकालावर निकाल रचायची रीत तर पुरतीच मुरली. आजही वकील उभा राहतो तो मागच्या निकालांची चळत घेऊनच.

आमचं वऱ्हाड आणखी निराळं. १८५३ च्या तहाने ते इंग्रजांच्या कारभारात आलं, पण कागदावर मालक हैदराबादचा निजामच. त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे इथे आपोआप लागू होत नसत, ते वेगळे हुकूम काढून लावावे लागत. तो घोळ निस्तरायला १९४१ साली एक स्वतंत्र वऱ्हाड कायदा करावा लागला. मोठी आजी पहिल्यांदा मुंडावळ्या बांधून उभी राहिली ती याच सुमारास! तिच्यावर कुठल्या राज्याचा कायदा चालतो, याचं उत्तर द्यायला तेव्हा चांगल्या वकिलालासुद्धा दोन पुस्तकं उघडावी लागली असती.

आता पुतण्याच्या फॉर्ममधला 'कॉमन-लॉ'. हा त्याच शब्दाचा दुसरा अवतार. जुन्या इंग्लंडात विधी आणि पाद्री यांच्यावाचून, दोघांच्या शब्दाने लागलेल्या लग्नाला कितपत मान्यता होती यावर तिथेही वाद आहे. पण १७५३ साली लॉर्ड हार्डविकचा कायदा झाला आणि ठरलेल्या पद्धतीने चर्चमध्ये लागल्याशिवाय बहुतेकांचं लग्न ग्राह्य धरणं बंद झालं. ज्यूंना आणि क्वेकरांना त्यातून वगळलं होतं. इतकं होऊनही आजही तिथले कित्येक लोक समजतात की काही वर्षं एकत्र राहिलं की आपण 'कॉमन लॉ' नवराबायको. कायद्यात तसं काही नाही. नवरा समजलेला माणूस मृत्युपत्र न करता मेला की मग बाईला कळतं.

स्कॉटलंडची गोष्ट मात्र मला फार आवडते. तिथे एक प्रकार होता, एकत्र राहणं आणि लौकिक. नवराबायको म्हणून राहिलात, आणि शेजारपाजारी सगळे तुम्हाला नवराबायको म्हणूनच ओळखत असले, तर कोर्ट ते लग्न मानू शकत असे. २००६ मध्ये कायदा करून तो बंद केला. अमेरिकेत १८७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विधीशिवायच्या लग्नाला मान्यता दिली होती. टेक्सास, कोलोरॅडो अशा थोड्या राज्यांत ती अजून आहे. आणि कॅनडात नाव तेच, पण इमिग्रेशनच्या फॉर्मवर कॉमन-लॉ असलात म्हणून सगळीकडे लग्नाचे हक्क मिळतात असं नाही. पुतण्या राहतो त्या ऑंटारिओत नातं मोडलं तर लग्नाच्या जोडप्यासारखी मालमत्तेची सरळ वाटणी कॉमन-लॉ जोडप्याला मिळत नाही. हे त्याला फोनवर सांगितलं तेव्हा तो थोडा गप्प झाला. बरं झालं. गप्प होण्यासारखंच आहे.

आणि आपल्याकडे? आपल्या कायद्यात 'कॉमन लॉ विवाह' असं कलम नाही. पण १८७२ च्या पुरावा कायद्यात एक कलम होतं, पन्नासावं. नात्याचा प्रश्न असेल तेव्हा, त्या घरातल्या किंवा ते घर जवळून जाणणाऱ्या माणसाचं त्याच्या वागण्यातून दिसलेलं मत हा पुरावा धरता येतो. कायद्यात उदाहरणच दिलं होतं. अमुक दोघांचं लग्न झालं होतं का, हा प्रश्न असेल तर त्यांचे मित्र त्यांना नवराबायको म्हणून वागवत होते ही गोष्ट महत्त्वाची. १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष अधिनियम आला, पण हे तत्त्व त्यातही राहिलं आहे. याच्या जोडीला गृहीतकाची सोय आहे. माणसं साधारण जशी वागतात त्यावरून कोर्ट अंदाज बांधू शकतं. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एक जोडपं आलं. पन्नास वर्षं एकत्र राहिलेलं, आणि कुणीतरी म्हणतंय की लग्न सिद्ध करा. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते साफ उडवून लावलं. अर्ध्या शतकापूर्वीचा भटजी आणि साक्षीदार आता कुठून आणायचे? इतकी वर्षं राहिले तर लग्न झालंच असं धरा, नाही म्हणणाऱ्याने सिद्ध करावं.

पण याच नाण्याची दुसरी बाजू आपल्या महाराष्ट्रातच दिसते. भाऊराव शंकर लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९६५. पहिली बायको असताना १९६२ मध्ये दुसरी केली म्हणून खटला झाला. दुसरं लग्न 'गांधर्व' पद्धतीने लागलं होतं, कपाळाला कपाळ टेकवून. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, लग्न 'लागलं' म्हणजे योग्य विधींनी लागायला हवं. होम आणि सप्तपदी झाली नाही, आणि त्यांच्यात ती सोडून चालतं अशी रूढीही सिद्ध झाली नाही. तेव्हा दुसरं लग्न झालंच नाही, म्हणून गुन्हाही नाही. नवरा सुटला! कागदावर हे बरोबरच आहे, कारण तुरुंगात पाठवायचं तर पुरावा काटेकोर हवा. त्या पन्नासाव्या कलमातही लिहिलं होतं की अशा गुन्ह्याच्या खटल्यात नुसता लौकिक पुरेसा नाही. पण त्या दुसऱ्या बाईचं काय? ती बायको नाही, आणि तिची फसवणूक झाली असली तरी ती मोजायला माप नाही.

१९८८ मध्ये यमुनाबाई आढाव यांच्या खटल्यात तेच झालं. त्यांचं लग्न विधिवत लागलं होतं, पण नवऱ्याची पहिली बायको हयात होती, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने पोटगी नाकारली. पुढे वारा थोडा बदलला. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्यात 'विवाहासारखं नातं' हे शब्द आले. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या शब्दांचा अर्थ लावताना कॉमन लॉ विवाहाच्याच अटी पुढे ठेवल्या. दोघं लोकांत नवराबायकोसारखे वावरलेले असावेत, वय झालेलं असावं, लग्नाला दुसरी आडकाठी नसावी, आणि आपखुशीने बराच काळ एकत्र राहिलेले असावेत. २०१३ मध्ये पुन्हा महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात, नवऱ्याने पहिलं लग्न लपवून दुसरं केलं असेल तर फसलेल्या बाईला पोटगी द्यावी असा निकाल आला. आणि २०२४ मध्ये उलट्या बाजूने सांगितलं गेलं की हिंदू विवाह कायद्याखाली विधी झालेच नसतील तर नुसतं प्रमाणपत्र असून लग्न होत नाही. म्हणजे एका वेळी कागद पुरत नाही, एका वेळी लौकिक पुरत नाही, आणि दोन्ही कुठे पुरतात ते प्रश्न कोण आणि कशासाठी विचारतो यावर ठरतं.

इथे पाटाबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. १८५६ चा हिंदू विधवा पुनर्विवाह कायदा आपण शाळेत सुधारणा म्हणून शिकलो. ती होतीच. पण त्याच्या दुसऱ्या कलमात होतं की विधवेने पुन्हा लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा तिचा हक्क संपला, जणू ती त्या दिवशी मेलीच. आता ज्या जातींत पाट आधीपासूनच होता, त्यांना या कायद्याची गरजच नव्हती. मग त्यांच्या बायकांना हे कलम लागायचं का? अलाहाबादचं उच्च न्यायालय म्हणे, नाही. मुंबईचं म्हणे, होय. १८९६ मध्ये मुंबईच्या पूर्ण पीठाने तसाच निकाल दिला. बाईला पुन्हा लग्नाची मुभा देणारा कायदा, आणि ज्या बाईला ती मुभा होतीच तिच्या हातची जमीन त्याच्यापायी गेली.

रखमाबाईंची गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे. दादाजी भिकाजीने १८८४ मध्ये नांदायला येण्यासाठी दावा लावला, १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला, अपिलात फिरला, १८८७ मध्ये नांदायला जा नाहीतर तुरुंगात जा असा हुकूम झाला आणि बाई म्हणाल्या, तुरुंग. पिन्हेंचं म्हणणंच होतं की नांदायला लावण्याचा हा दावा मुळात इंग्रजी आहे, हिंदू कायद्यात तो नाही. म्हणजे सद्सद्विवेकाच्या दाराने आलेली आणखी एक गोष्ट. पण मला या कथेत ओढ वाटते ती रखमाबाईंच्या आईची, जयंतीबाईंची. त्या विधवा होत्या. त्यांच्या जातीत पुनर्विवाहाची चाल होती, आणि त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केलं. त्याआधी पहिल्या नवऱ्याची मालमत्ता त्यांनी मुलीच्या नावे करून दिली होती. सारं आवरून मग ती बाई दुसऱ्या घरात गेली.

आमच्या मोठ्या आजीला असं काही सांगणारं कुणी नव्हतं. पहिल्या घरच्या शेतात तिचा काही हिस्सा होता की नाही, हे कुणी बघितलंच नाही. पाट लागला, म्हणजे 'गेली ती गेली'. मुंबईचं पूर्ण पीठ काय म्हणालं ते आमच्या गावात कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. तरी झालं तेच. एकदा अशी 'मेली', आणि पस्तीस वर्षांनी दुसऱ्या घरातही तिला विचारलं गेलं, तू कोण?

आता बाबा. बाबा लबाड माणूस नव्हते. त्यांनी हरकत घेतली नाही, खोटा जबाब दिला नाही. ते फक्त सही करत नव्हते. आज पेरणी आहे, उद्या बाजार आहे, पुढच्या आठवड्यात मेहकरला जाईन तेव्हा. आई दोनदा बोलली, मग बोलायची थांबली. मोठी आजी मात्र दर दिवाळीला येत राहिली, आम्ही तिच्या पाया पडत राहिलो, बाबाही पडत राहिले.

१९८३ च्या उन्हाळ्यात पाटाला हजर असलेले दोन म्हातारे महिन्याभराच्या अंतराने गेले. एकाचा जबाब व्हायचाच राहिला होता. दुसऱ्याच्या दहाव्यावरून आम्ही मेहकरमार्गे परत येत होतो, तेव्हा बाबा शारंगधर बालाजीच्या देवळात थांबले. ती काळ्या दगडाची भव्य मूर्ती १८८८ साली जमिनीतून निघाली. सांगतात की इंग्रज ती नेतील या भीतीने लोकांनी घाईघाईने तिची प्रतिष्ठा करून टाकली. कुणाची, कुठल्या राजाच्या काळची, कागद नाही. लोकांनी देव म्हटलं, पूजा सुरू झाली. बाबा बराच वेळ पायरीवर बसून होते. मग मला म्हणाले, "मी सही केली नसती तर खोटं बोललो नसतो. नुसता गप्प राहिलो असतो. पण आता सांगणारं कोणी उरलंच नाही." दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांनी सही केली. फेरफार झाला.

मोठी आजी १९९६ मध्ये गेली. बारा वर्षं तिने ती चार एकर स्वतःच्या नावाने कसली. कपाशी लावली, एक वर्ष तूर चांगली झाली तर आमच्याकडे पायलीभर डाळ पाठवली. मृत्युपत्र तिने केलं नाही. केलं असतं तर ती जमीन कुणालाही देऊ शकली असती, कारण १९५६ च्या वारसा कायद्याने ती पूर्ण मालक होती. न केल्यामुळे, मूल नसलेल्या बाईला नवऱ्याकडून आलेली जमीन नवऱ्याच्या वारसांकडे जाते या नियमाने, ती बाबांकडेच आली. म्हणजे ज्या जमिनीसाठी बाबा दोन वर्षं गप्प राहिले ती तशीही येणारच होती. फरक पडला तो तेवढ्या मधल्या वर्षांचा, आणि तिच्या नावाचा.

खूप नंतर मी पुरावा कायद्याचं ते पन्नासावं कलम पुन्हा वाचलं. 'वागण्यातून दिसलेलं मत' या शब्दांपाशी थांबलो. म्हणजे बाबा तिला मोठी आई म्हणत होते, पाया पडत होते, सणाला तिचं ताट आधी वाढायला सांगत होते, तेव्हा ते साक्षच देत होते. सही करायच्या कितीतरी वर्षं आधीपासून. फक्त ती साक्ष कुणीतरी कागदावर उतरवून घ्यायला हवी होती, आणि ते जिवंत असताना. लौकिक हा पुरावा खरा, पण त्याला माणसाचं आयुष्य असतं. लोक मेले की तोही मरतो. मधल्या काळात कुणाचा तरी फायदा त्याच्या गप्प बसण्यात असतो, आणि तो माणूस बहुधा घरातलाच असतो.

पुतण्याला काल परत फोन केला. म्हटलं, फॉर्मवर कॉमन-लॉ लिही, खरं आहे तेच लिही. भाडेकरार जोड, बँकेचं जोड. आणि माझ्याकडून, आईबाबांकडून पत्र पाहिजे असेल तर तसं सांग, की आम्ही तुम्हा दोघांना नवराबायको मानतो. तो म्हणाला, "काका, पण आई अजून मानत नाही ना!"

वहिनी हे वाचेल याची मला खात्री आहे. वहिनी, मी आज पत्र लिहून ठेवतोय. सहीला दोन वर्षं लावायची नाहीत असं या घरात एकदा ठरलेलं आहे.